वऱ्हाडातील वादळ आणि शिर्डीतील रोजनिशी

५ डिसेंबर १९१० रोजी अमरावतीचे नामांकित वकील गणेश श्रीकृष्ण तथा दादासाहेब खापर्डे शिर्डीला पोहोचले आणि आठवडाभर राहून १२ तारखेला परतले. वर्षभराने, ६ डिसेंबर १९११ ला, ते पुन्हा आले. या खेपेस मात्र त्यांचा मुक्काम १५ मार्च १९१२ पर्यंत लांबला. या दोन्ही मुक्कामांत त्यांनी आपल्या नित्याच्या सवयीप्रमाणे रोजनिशी लिहिली. इंग्रजीत लिहिलेली ही टिपणे पुढे 'श्री साई लीला' मासिकातून प्रसिद्ध झाली आणि आज ती 'शिर्डी डायरी' या नावाने ओळखली जातात. साईभक्त ती श्रद्धेने वाचतात आणि इतिहासाचे अभ्यासक शिर्डीच्या तपशिलांसाठी ती चाळतात. मराठी साहित्याच्या वर्गात मात्र तिचा उल्लेख क्वचितच होतो. एका वादळी कालखंडात मनाचे स्वास्थ्य शोधणाऱ्या वऱ्हाडी माणसाचा दस्तऐवज म्हणून ती वाचली, तर तिच्यातून एक वेगळाच प्रश्न समोर येतो. परिवर्तनाचा वेग माणसाच्या आवाक्याबाहेर जातो तेव्हा तो शांती नेमकी कशाला म्हणतो? घडामोडींपासून दूर जाण्याला, की त्यांच्यामध्ये उभे राहण्याची ताकद मिळवण्याला? प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा मागोवा वऱ्हाडच्या भूमीवरून घेण्याचा प्रयत्न केला आहे.

कापसाने बदललेला मुलूख

खापर्डे ज्या वऱ्हाडात वाढले तो मुलूख त्यांच्या एका आयुष्यात ओळखू न येण्याइतका बदलला. १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिला. खापर्ड्यांचा जन्म त्यानंतरच्याच वर्षी, १८५४ चा. मालकी निजामाची आणि अंमल इंग्रजांचा अशी ही चमत्कारिक व्यवस्था होती. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस मँचेस्टरच्या गिरण्यांपर्यंत पोहोचेनासा झाला आणि जगाच्या बाजाराची नजर वऱ्हाडच्या काळ्या मातीवर पडली. कापसाचे भाव आभाळाला भिडले. युद्ध संपताच ते कोसळले, पण तोवर घडी विस्कटली होती ती विस्कटलीच. १८६७ साली ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा लोहमार्ग शेगाव, अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा करीत नागपूरपर्यंत पोहोचला. खामगाव आणि अमरावती या कापसाच्या पेठा म्हणून नावारूपाला आल्या, रेल्वेच्या फाट्यांनी त्या मुख्य मार्गाला जोडल्या गेल्या. सरकी काढण्याचे आणि गठाणी बांधण्याचे कारखाने उभे राहिले.

या बदलाची दुसरी बाजू खेड्यात दिसत होती. ज्वारी हे घरचे पीक होते. ती कणगीत राहत असे, तिचा कडबा बैलांना होत असे. कापूस हे बाजाराचे पीक. त्याचा भाव हजारो कोसांवर ठरणार आणि त्यासाठी लागणारा पैसा सावकार देणार. जमिनीच्या मोजणीने आणि साराबंदीने शेत ही तारण ठेवण्याजोगी वस्तू झाली होती, दिवाणी न्यायालयांनी तारण वसूल करण्याची वाट मोकळी केली होती. मग १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन दुष्काळ पाठोपाठ आले. १८९१ च्या शिरगणतीत सुमारे २९ लाख असलेली वऱ्हाडची लोकसंख्या १९०१ मध्ये साडेसत्तावीस लाखांवर उतरली. ज्या दशकांत रेल्वे होती, बाजार होता, कारखाने होते, त्याच दशकात माणसे कमी झाली. प्रगतीच्या कोणत्याही सरळ रेषेत हा आकडा बसवता येत नाही.

राजकीय चौकटही स्थिर नव्हती. १९०२ साली लॉर्ड कर्झनने निजामाकडून वार्षिक २५ लाख रुपयांच्या मोबदल्यात वऱ्हाड कायमच्या पट्ट्याने घेतला आणि १९०३ मध्ये तो मध्यप्रांताच्या कारभाराला जोडला गेला. १९०५ साली सहा जिल्ह्यांचे चार झाले. एलिचपूर अमरावतीत आणि वाशीम अकोल्यात विलीन झाले. पन्नास वर्षांत माणसाच्या शेताचा धनी बदलला, पिकाचा बाजार बदलला, प्रवासाचे साधन बदलले आणि पत्त्यावरचा जिल्हाही बदलला.

वकिलांची अमरावती

या परिवर्तनातूनच अमरावतीत एक नवा वर्ग उदयास आला. कोर्टकचेऱ्या वाढल्या तसे वकील वाढले आणि वकिलांबरोबर सभा, संस्था, वृत्तपत्रे व राजकारण आले. रघुनाथ नरसिंह मुधोळकर, मोरोपंत जोशी आणि खापर्डे ही या वर्गातील ठळक नावे. डिसेंबर १८९७ मध्ये राष्ट्रीय सभेचे अधिवेशन अमरावतीत भरले. शंकरन नायर अध्यक्ष होते आणि स्वागताध्यक्ष होते खापर्डे. लोकमान्य टिळकांना त्याच वर्षी राजद्रोहाच्या आरोपाखाली अठरा महिन्यांची शिक्षा झाली होती आणि अधिवेशनाच्या मंडपावर तिची छाया होती. पुढे १९०७ मध्ये सुरतेला सभा फुटली. अमरावतीची वकीलमंडळीही या फुटीतून सुटली नाहीत. मुधोळकर नेमस्तांबरोबर राहिले आणि १९१२ साली बांकीपूर अधिवेशनाचे अध्यक्षही झाले. खापर्डे टिळकांबरोबर गेले. एकाच गावात, एकाच बारमध्ये बसणारी माणसे दोन वाटांनी गेली.

खापर्ड्यांचे व्यक्तिमत्त्व मोठे लोभस होते. दरबारी राहणी, सढळ हात, मिश्किल वक्तृत्व, दारी सदैव पाहुणे. लोक त्यांना 'वऱ्हाडचे नवाब' म्हणत. पण जुलै १९०८ मध्ये टिळकांना सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा झाली आणि हे नवाबी जीवन ढवळून निघाले. टिळकांच्या सुटकेचे प्रयत्न करण्यासाठी खापर्डे त्याच वर्षी इंग्लंडला गेले आणि १९१० पर्यंत तेथेच राहिले. अपील व्यर्थ गेले. इकडे वकिली बंद, खर्च चालू आणि स्वपक्षाची पांगापांग. परत आले तेव्हा ते छप्पन्न वर्षांचे होते. परतल्यानंतर थोड्याच आठवड्यांत त्यांनी शिर्डीची वाट धरली.

संतांच्या दाराशी जाणे हे त्यांच्यासाठी नवे नव्हते. दासगणू महाराजांनी १९३९ साली रचलेल्या 'श्री गजानन विजय' ग्रंथात १९०८ च्या अकोल्याच्या शिवजयंती उत्सवाची कथा आहे. टिळकांच्या उपस्थितीतील त्या सभेला शेगावचे गजानन महाराज आले होते. टिळकांना अटक झाल्यावर खापर्ड्यांनी कोल्हटकरांना शेगावी धाडले आणि महाराजांनी टिळकांसाठी प्रसाद म्हणून ज्वारीची भाकरी दिली, असे ग्रंथ सांगतो. कथा भक्तीच्या अंगाने सांगितलेली आहे, तिची छाननी पुराव्याच्या काट्याने करण्याचे कारण नाही. परंतु तिच्यातली निवड बोलकी आहे. कापसाने ज्वारीला शेतातून मागे रेटले होते. त्याच मुलखातल्या सत्पुरुषाने साम्राज्याशी झुंजणाऱ्या कैद्याला दिलेला दिलासा म्हणून लोकस्मृतीने जपली ती भाकरीच.

एका दिवसाची रीत

आता रोजनिशीकडे वळू. ती उघडणाऱ्याची पहिल्याच दहा-वीस पानांत निराशा होण्याचा संभव आहे. चमत्कारांचा गाजावाजा नाही, आत्मपरीक्षणाची दीर्घ स्वगते नाहीत. रोजच्या नोंदीची चाल जवळजवळ ठरलेली आहे. पहाटे उठणे, काकडआरती असल्यास तिला जाणे, प्रार्थना, साईमहाराज बाहेर निघताना आणि परतताना त्यांचे दर्शन, मग चारचौघांत बसून ग्रंथवाचन, माध्यान्ह आरती, जेवण, थोडी विश्रांती, सायंकाळी मशिदीत बसणे, रात्री वाड्यातील आरती, शेजारती, भीष्मांचे भजन आणि दीक्षितांचे रामायणवाचन. एखाद्या दिवशी बाबा प्रसन्न होते, एखाद्या दिवशी संतापले होते, एखाद्या दिवशी त्यांनी एक गोष्ट सांगितली आणि ती नीट कळली नाही, एवढाच काय तो फरक.

या वाचनमंडळींत मुंबईचे सॉलिसिटर हरी सीताराम दीक्षित होते, बापूसाहेब जोग होते आणि काशिनाथ गोविंद उपासनी होते. हे उपासनी पुढे साकोरीचे उपासनी महाराज म्हणून प्रसिद्धी पावले. विशेष म्हणजे त्यांनी काही वर्षे अमरावतीत वैद्यकी केली होती, म्हणजे शिर्डीत भेटलेला हा माणूस खापर्ड्यांच्या परिचयाचाच होता. मंडळी मुकुंदराजांचे 'परमामृत' वाचत आणि त्यावर चर्चा करीत. मराठीतील आरंभीच्या काळातील एक वेदान्तपर ग्रंथ १९१२ च्या हिवाळ्यात वकील, सॉलिसिटर आणि माजी वैद्य एकत्र बसून वाचत आहेत, हे दृश्य आपल्या वाङ्मयेतिहासात नोंदवण्याजोगे आहे. ग्रंथ कसे जगतात याचा तो पुरावा आहे.

दिनक्रमाची ही पुनरावृत्ती कंटाळवाणी वाटली, तरी हेच या रोजनिशीचे मर्म आहे. खापर्ड्यांचे मागचे आयुष्य पाहा. तार आली की गाडी पकडायची, खटला लागला की मुंबई, सभा भरली की कलकत्ता किंवा सुरत, अपील निघाले की लंडन. त्यांच्या वेळेचा धनी नेहमी दुसराच कोणी होता. शिर्डीत त्यांना मिळाली ती वेळेची एक वेगळी घडी. आज जे झाले ते उद्या होणार आहे, त्याच वेळी होणार आहे, आणि त्यासाठी आपल्याला काहीही जिंकावे किंवा हरावे लागणार नाही, हा विश्वास त्यांना तिथे लाभला. बदलाने शिणलेल्या माणसाला तत्त्वज्ञानाआधी ठरलेली सकाळ लागते, असे ही रोजनिशी न सांगता सांगते.

इतिहासाची घड्याळे मात्र बाहेर चालूच होती. १२ डिसेंबर १९११ रोजी दिल्लीत पंचम जॉर्जचा दरबार भरला, वंगभंग रद्द झाल्याची घोषणा झाली आणि राजधानी कलकत्त्याहून दिल्लीस हलवण्याचे जाहीर झाले. ज्या फाळणीविरुद्धच्या चळवळीत खापर्ड्यांच्या पक्षाने आपली उमेदीची वर्षे घातली, ती फाळणी मागे घेतली गेली त्या दिवशी ते शिर्डीत येऊन आठवडाही झाला नव्हता.

बोलका माणूस गप्प

गोविंद रघुनाथ दाभोळकरांच्या 'श्री साईसच्चरिता'त खापर्ड्यांविषयी एक मार्मिक निरीक्षण आहे. साईबाबांशी पुष्कळ भक्त बोलत, वादही घालत. परंतु खापर्डे, नूलकर आणि बुट्टी हे तिघे मात्र त्यांच्यापुढे मौन धरून बसत. न्यायालये आणि सभामंडप आपल्या वाणीने गाजवणारा, इतरांना 'पंचदशी' समजावून सांगू शकणारा हा पंडित मशिदीत तोंड उघडत नसे. चरित्रकार यात भक्ताची नम्रता पाहतो. आपल्याला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. ज्याची उपजीविका आणि प्रतिष्ठा दोन्ही बोलण्यावर उभ्या आहेत, त्याच्यासाठी न बोलण्याची मुभा हाच केवढा मोठा विसावा असेल!

या कथेत लक्ष्मीबाई खापर्डे यांचे स्थान दुर्लक्षून चालणार नाही. सच्चरितानुसार खापर्डे चार महिने राहिले आणि लक्ष्मीबाई सात. पतीच्या राजकारणाची किंमत घर चालवणारी स्त्री मोजते, पण इतिहासाच्या ग्रंथांत तिचे खाते उघडले जात नाही. दोन वर्षे नवरा सातासमुद्रापार, उत्पन्न आटलेले, दारचे पाहुणे तसेच. शिर्डीतही संकट पाठ सोडत नाही. त्यांच्या लहान मुलाला तापाने ग्रासले, प्लेगची गाठ उठली आणि ती माउली भयाने कापत अमरावतीस परतण्याची अनुज्ञा मागायला बाबांकडे गेली, असा प्रसंग सच्चरितात आहे. १८९६ पासून प्लेगने या देशात घातलेल्या थैमानाच्या पार्श्वभूमीवर ते भय आपण सहज समजू शकतो. याच ग्रंथात लक्ष्मीबाईंनी आणलेला नैवेद्य बाबांनी इतरांना थांबवून, पान ओढून घेऊन आवडीने खाल्ल्याची कथाही आहे. खापर्ड्यांच्या वाट्याला 'परमामृत' आले आणि लक्ष्मीबाईंच्या वाट्याला आले ते आपल्या हातच्या सांजा-शिऱ्याचे कौतुक. दोन्हींना आपण समाधानच म्हणू. परंतु एकाच घरातल्या दोन माणसांना मिळालेला दिलासा एकसारखा नसतो, हेही ध्यानात ठेवू.

पलायन की पाथेय?

आता आक्षेपाला सामोरे गेले पाहिजे. गुरुतुल्य मित्र मंडालेच्या तुरुंगात असताना आणि वऱ्हाडातली चळवळ नेतृत्वाविना असताना तिच्या एका प्रमुखाने साडेतीन महिने आरती-भजनात घालवावे, हे पलायन नव्हे काय? बाबांनी त्यांना अटकेपासून वाचवण्यासाठीच शिर्डीत थांबवून घेतले, असे स्पष्टीकरण भक्तवर्तुळात रूढ आहे. परतण्याची अनुज्ञा लांबत होती हे रोजनिशीवरून स्पष्ट दिसते. परंतु या स्पष्टीकरणाने आक्षेप मिटत नाही, उलट तीव्र होतो. अटक चुकवणे हीच जर शांती असेल, तर तिचे मोल ते काय?

येथे मंडालेकडे पाहणे उद्बोधक ठरते. खापर्डे पहिल्यांदा शिर्डीला गेले त्याच १९१०-११ च्या हिवाळ्यात टिळक तुरुंगात पेन्सिलीने 'गीतारहस्य' लिहीत होते. एक मित्र कोठडीत बसून गीतेचे तात्पर्य कर्मयोग आहे, संन्यास नव्हे, असे प्रतिपादन करीत आहे आणि दुसरा मोकळा असूनही वेदान्तग्रंथाच्या श्रवणात रमला आहे. वरवर पाहता हा विरोध आहे. पण दोघांच्याही कृतीत एक समान धागा आढळतो. हातातली सर्व साधने काढून घेतली गेल्यावर दोघेही ग्रंथाकडे वळले आणि दोघांनीही दिवसाला नियमाची चौकट घातली. तुरुंगाने टिळकांवर लादलेला एकांत खापर्ड्यांनी स्वतः मागून घेतला, इतकाच फरक. टिळकांच्या एकांतातून ग्रंथ निघाला, खापर्ड्यांच्या एकांतातून टिपणे. त्यामुळे इतिहासाने पहिल्या एकांताला तपश्चर्या म्हटले आणि दुसऱ्याकडे संशयाने पाहिले.

एकांताची कसोटी त्यानंतरच्या वर्तनावर लागते. खापर्डे मार्च १९१२ मध्ये अमरावतीस परतले. टिळक १९१४ साली सुटल्यावर ते पुन्हा त्यांच्या बाजूला उभे राहिले आणि होमरूलच्या चळवळीत वावरले. १९ मे १९१७ रोजी तर खुद्द टिळकांनाच घेऊन ते शिर्डीस गेले. संन्यास घेतलेल्या माणसाची ही लक्षणे नव्हेत. पुढे १९२० च्या असहकाराच्या वाटेने मात्र ते गेले नाहीत. काउन्सिल ऑफ स्टेटमध्ये बसले आणि गांधीयुगाच्या मुख्य प्रवाहातून बाजूला पडले. १९३८ साली त्यांचे निधन झाले तेव्हा महाराष्ट्राचे राजकारण त्यांना बरेच मागे टाकून गेले होते. शिर्डीने त्यांना एका पराभवानंतर पुन्हा उभे राहण्याचे बळ दिले, पण पुढच्या बदलाचे आकलन दिले नाही. हे मान्य करण्यात कमीपणा नाही. मनाचे स्वास्थ्य आणि काळाची जाण या दोन भिन्न गोष्टी आहेत. एक मिळाली म्हणजे दुसरी मिळतेच असे नाही.

ऋद्धपूरची परंपरा

साहित्याच्या विद्यार्थ्याला या रोजनिशीचे घराणे शोधण्याचा मोह व्हावा. ती इंग्रजीत आहे आणि तिची सवय इंग्रजी शिक्षणाने लावलेली आहे, हे खरे. पण तिच्या रचनेची जवळची नातलग अमरावती जिल्ह्यातच, ऋद्धपुरात, सहा शतकांपूर्वी जन्मली होती. चक्रधरस्वामींच्या प्रयाणानंतर नागदेवाचार्य आणि त्यांचे अनुयायी गोविंदप्रभूंच्या सेवेत ऋद्धपुरास राहिले आणि तेथे म्हाइंभटांनी स्वामींच्या आठवणी गोळा करून 'लीळाचरित्र' सिद्ध केले. स्वामी कुठे बसले, कोणाला काय म्हणाले, काय जेवले, कोणावर रागावले, अशा लहान लहान लीळा, भाष्य जवळजवळ नाही. म्हाइंभट गावोगाव हिंडून आठवणी मिळवीत आणि सांगणाऱ्यांच्या भिन्न पाठांचीही नोंद ठेवीत. देवगिरीच्या यादवांचे राज्य अखेरच्या पर्वात होते, १२९६ मध्ये अलाउद्दीन खिलजीची स्वारी यायची होती. आपला आधार हरपलेल्या एका लहानशा समूहाने तपशील जपणे हाच दिलासा मानला.

खापर्ड्यांनी 'लीळाचरित्र' डोळ्यांपुढे ठेवून लिहिले असे येथे सुचवायचे नाही. साम्य आहे ते वृत्तीचे. दोन्हीकडे सत्पुरुषाचे साधे हालचाल-बोलणे हाच नोंदीचा विषय आहे, लिहिणारा स्वतः मागे राहतो आणि अर्थ लावण्याची घाई नाही. फरकही महत्त्वाचा आहे. म्हाइंभट गेलेल्या काळाला स्मरणाने परत आणतात, खापर्डे चालू दिवस हातातून निसटण्याआधी टिपतात. म्हाइंभटांचे काम समूहासाठी आहे, खापर्ड्यांचे केवळ स्वतःसाठी. भावना ओतून न टाकता तपशील नोंदवल्याने मन स्थिरावते, हा दोन्हींचा समान अनुभव मात्र विचार करण्याजोगा आहे. आपण आत्मपर गद्याकडे भावनेच्या उमाळ्यासाठी पाहायला शिकलो आहोत. येथे उमाळा आवरण्याची रीत दिसते.

ज्यांना शिर्डी परवडत नव्हती

तरीही एक प्रश्न उरतो आणि तो टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. साडेतीन महिने काम सोडून राहणे किती वऱ्हाडी माणसांना शक्य होते? कापसाच्या बाजाराने ज्याचे शेत गहाण पडले त्याने कुठे जावे?

याचे उत्तर त्याच काळात, त्याच मातीत तयार होत होते. शेंडगावी १८७६ मध्ये जन्मलेले डेबूजी झिंगराजी जानोरकर मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे येथे मामाच्या घरी वाढले. मामाची जमीन सावकाराच्या कागदात गेलेली त्यांनी पाहिली. १९०५ साली, वऱ्हाडचे जिल्हे नव्याने आखले जात होते त्याच वर्षी, ते घराबाहेर पडले आणि गाडगेबाबा झाले. त्यांच्या कीर्तनात दिलासा होता, पण तो फुकटचा नव्हता. आधी हातात खराटा, दिवसभर गावाची झाडलोट, मग रात्री कीर्तन. त्या कीर्तनात ते श्रोत्यांनाच प्रश्न विचारीत आणि कर्ज काढून सण करू नका, मुलांना शिकवा, हे त्यांच्याच तोंडून वदवून घेत. मन शांत होण्याआधी अंगण स्वच्छ व्हावे आणि अंगण स्वच्छ होण्याआधी सावकाराचा कागद वाचता यावा, असा तो क्रम होता. २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीजवळ वलगावच्या वाटेवर त्यांनी देह ठेवला.

याच जिल्ह्यातील माधान येथे राहणाऱ्या गुलाबराव महाराजांची वाट आणखी निराळी. १८८१ चा जन्म, बालपणीच गेलेली दृष्टी आणि अवघे चौतीस वर्षांचे आयुष्य. पण त्या आयुष्यात त्यांनी इतरांकडून वाचून घेऊन पाश्चात्य विचारवंतांशी वाद मांडला, शंभराहून अधिक ग्रंथ सांगितले आणि अद्वैताला माधुर्यभक्तीची जोड दिली. नव्या विचाराच्या भीतीवर त्यांनी शोधलेला उपाय म्हणजे तो विचार ऐकून घेणे आणि मग त्याला उत्तर देणे.

आणि तुकडोजी महाराज. १९०९ साली यावलीत जन्मलेल्या या माणसाने १९३५ मध्ये मोझरीस गुरुकुंज आश्रम स्थापला, बेचाळीसच्या आंदोलनात कारावास भोगला आणि १९५५ मध्ये 'ग्रामगीता' दिली. त्यांची सामुदायिक प्रार्थना ही या सगळ्या शोधाची एक परिणती म्हणता येईल. शिर्डीत खापर्ड्यांना जी ठरलेली वेळ आणि जो नियम मिळाला, तोच नियम तुकडोजींनी गावाच्या चौकात आणून मांडला. रोज ठरल्या वेळी सर्व जातींच्या लोकांनी एका रांगेत बसायचे. त्यासाठी गाडीभाडे लागत नव्हते, परमामृताचे वेदान्त समजावे लागत नव्हते आणि कोणाची अनुज्ञाही लागत नव्हती. ११ ऑक्टोबर १९६८ रोजी त्यांचे निर्वाण झाले. आजही दरवर्षी मोझरीला पुण्यतिथी महोत्सवात दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी लाखोंचा समुदाय एकाच क्षणी स्तब्ध उभा राहून मौन श्रद्धांजली वाहतो. मशिदीतल्या एका वकिलाचे मौन ते हे मौन, असा हा वऱ्हाडचा अर्धशतकाचा प्रवास आहे.

वऱ्हाड आजही निवांत नाही. २००२ मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली, २००६ मध्ये विदर्भातील सहा जिल्ह्यांतील शेतकरी आत्महत्यांमुळे पंतप्रधानांना विशेष साहाय्य जाहीर करावे लागले. त्या सहांत अमरावती आणि अकोला दोन्ही होते. १८६० च्या दशकात सुरू झालेली गोष्ट अजून संपलेली नाही. आमच्या वर्गांत बसणारी कितीतरी मुले याच घरांतून येतात. त्यांना शांतरस शिकवताना व्याख्या पाठ करून घेणे सोपे आहे. परंतु शांती म्हणजे निमूट सहन करणे, असा अर्थ त्यातून त्यांच्या मनावर ठसला, तर तो गाडगेबाबांच्या नावाच्या विद्यापीठाला शोभणारा ठरणार नाही.

म्हणून खापर्ड्यांची रोजनिशी वर्गात न्यावी, पण एकटी नेऊ नये. तिच्या एका बाजूस 'लीळाचरित्रा'तल्या दोन-चार लीळा असाव्यात आणि दुसऱ्या बाजूस 'ग्रामगीते'चा एखादा अध्याय. पहिल्या वाचनात विद्यार्थ्याला कळेल की तपशिलाशी प्रामाणिक राहिल्याने मन सावरते. दुसऱ्यात कळेल की सावरलेले मन काही काळ विसावूही शकते, आणि त्यात लाज नाही. तिसऱ्यात कळेल की विसावा गावातल्या सर्वांना मिळत नसेल, तर तो मिळवून देणे हेही साधनेचेच अंग आहे. मुलांनी यांपैकी कशाशी असहमत व्हायचे ते त्यांनी ठरवावे. लक्ष्मीबाईंनी रोजनिशी लिहिली असती तर ती कशी असती, हा प्रश्न मात्र त्यांना जरूर विचारावा.